व्हिडिओ लेकराचा, पान परक्याचं

मुलांचे व्हिडिओ चोरून दुसऱ्याच्या पानावर टाकले जातात, या विषयावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून वाचकांची पत्रं आली. बरीचशी एकाच वळणाची होती, त्यातली सहा निवडली आहेत. पत्रलेखकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. कारण सांगायला नको.

प्रश्न (शिरपूरहून एक आई): माझी नऊ वर्षांची मुलगी अहिराणीत आजीची नक्कल करते. आमच्या यूट्यूब चॅनेलवर तिचे चाळीसेक व्हिडिओ आहेत. त्यातले अकरा एका कॉमेडी पानाने फेसबुकवर टाकलेत, खालचं आमचं नाव कापून. एकाला तर आमच्यापेक्षा जास्त व्ह्यूज आहेत. यूट्यूबवरही एका चॅनेलने तेच उचललेत. पानाला मेसेज केला तर त्यांनी आम्हालाच ब्लॉक केलं. मनी आंडेरना (माझ्या मुलीचा) व्हिडिओ दुसराच मानूस वापरी ऱ्हायना. आते काय करानं?

उत्तर: ताई, मेसेज करण्याची घाई झाली. चोर सावध झाला की तो पोस्ट लपवतो, पानाचं नाव बदलतो किंवा तुम्हाला ब्लॉक करतो, आणि पुरावा हातचा जातो. आता घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यावरून ते पान उघडा. तिथून ते दिसेल.

आधी वही घ्या. अकरा व्हिडिओंच्या अकरा ओळी करा. प्रत्येक ओळीत चोरलेल्या पोस्टची लिंक, पानाचं नाव आणि हँडल, पाहिल्याची तारीख-वेळ, तेव्हाचे व्ह्यूज आणि समोर तुमच्या मूळ व्हिडिओची लिंक. लिंक काढायला पोस्टच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘कॉपी लिंक’ करा. स्क्रीनशॉट शक्यतो कॉम्प्युटरवरून घ्या, म्हणजे वरची पत्त्याची पट्टी आणि तारीख दोन्ही त्यात येतात. फेसबुक पानाच्या माहितीत ‘पेज ट्रान्स्परन्सी’ नावाचा भाग असतो. पान कधी सुरू झालं, पूर्वी त्याचं नाव काय होतं आणि चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे दिसतं. त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा.

मग मूळ फाइल. फोनमधून थेट पेन ड्राइव्हवर उतरवा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेली प्रत मूळ म्हणून चालत नाही. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, नाव बदलून ‘व्हीआयडी’ने सुरू होणारं स्वतःचं नाव देतं आणि चित्रीकरणाची मूळ माहिती पुसली जाते. चित्रीकरणातला न टाकलेला भागही जपा. मुलगी वाक्य विसरते, हसते, पुन्हा सुरू करते, ती पाच-दहा सेकंदं चोराकडे असूच शकत नाहीत. वाद झाला तर मूळ कुणाचं हे त्यातून एका झटक्यात दिसतं.

आता तक्रार. इथे बहुतेक पालक चुकतात, कारण ‘रिपोर्ट’चं बटण एकच दिसतं पण त्यामागे तीन वेगळी दारं आहेत. व्हिडिओ ही तुमची मालमत्ता आहे, म्हणून कॉपीराइटचं दार. त्यात मुलीचा चेहरा आहे, म्हणून खासगीपणाचं दार. आणि ती लहान आहे, म्हणून बालसंरक्षणाचं दार. कोणतं दार ठोठावलं यावर उत्तर किती लवकर येणार आणि तुमचं नाव कुणाला कळणार, हे ठरतं. ‘स्पॅम’ किंवा ‘मला आवडलं नाही’ यांवर शंभर जणांनी बोट दाबलं तरी उपयोग होत नाही. नातेवाइकांचा ग्रुप जमवून रिपोर्ट मारण्यात वेळ घालवू नका.

तुमच्या प्रकरणात पहिलं दार कॉपीराइटचं. व्हिडिओ तुम्हीच योजून काढलात, त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. ‘क्रेडिट देतो ना’ असं चोर म्हणतात, पण नाव लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे.

यूट्यूबवर कॉम्प्युटरवरून यूट्यूब स्टुडिओ उघडा, डावीकडे ‘कॉपीराइट’वर जा आणि काढून टाकण्याची नवी विनंती सुरू करा. चोरलेल्या व्हिडिओची लिंक, आपल्या व्हिडिओची लिंक, पूर्ण व्हिडिओ घेतलाय की तुकडा, तुकडा असेल तर कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, हे भरा. पुढे दोन पर्याय येतात: लगेच काढा, किंवा समोरच्याला सात दिवसांची मुदत द्या. मुदत दिली आणि त्याने स्वतःहून काढला तर त्याला स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर नियमभंगाची नोंद, बसत नाही. अकरा व्हिडिओ उचलणाऱ्याला मुदत देण्याचं कारण दिसत नाही. त्याच फॉर्मवर ‘याच्या प्रती पुन्हा चढू देऊ नका’ अशा अर्थाचा चौकोन आहे, तिथे खूण करा. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक बसले की चॅनेल बंद होऊ शकतं.

अर्ज परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. पोस्टची लिंक न देता पानाची किंवा चॅनेलची लिंक दिली, हे पहिलं. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कॉपीराइट फॉर्मवरही तसंच: प्रत्येक पोस्टची वेगळी लिंक लागते, एका फॉर्मवर अनेक लिंका चालतात. दुसरं कारण गाणं. मागे एखादं अहिराणी गाणं वाजत असेल तर ते गाणं तुमचं नाही. ‘चित्रण आणि मुलीचा आवाज आमचा, पार्श्वगीतावर दावा नाही’ असं स्पष्ट लिहा. नसलेल्या हक्काचा दावा केला तर तो उलटतो.

आणि एक गोष्ट, जी फॉर्म भरून झाल्यावर कळते तेव्हा उशीर झालेला असतो. कॉपीराइटच्या तक्रारीत दावेदाराचं नाव आणि ईमेल समोरच्याला जातो. यूट्यूबवर तर काढलेल्या व्हिडिओच्या जागी दावेदाराचं नाव झळकतं. म्हणून तक्रारीसाठी वेगळा ईमेल उघडा, त्यात मुलीचं नाव, जन्मसाल, गाव काही नको. अर्ज आईवडिलांच्या नावाने करा.

समोरच्याने ‘काउंटर नोटिफिकेशन’ पाठवलं, म्हणजे ‘व्हिडिओ माझाच आहे’ असा उलट दावा केला, तर यूट्यूब तुम्हाला कामकाजाचे दहा दिवस देतं. तेवढ्यात कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत चढतो. निर्ढावलेले चोर हे जाणून असतात. तसं झालं तर दुसरं दार वापरा: खासगीपणाची तक्रार. मूल लहान असेल तर पालक ती करू शकतात. अट एवढीच की मूल ओळखू आलं पाहिजे: चेहरा, आवाज, पूर्ण नाव. यूट्यूब चढवणाऱ्याला ४८ तास देतं आणि मग स्वतः तपासतं. इथे तक्रारदाराचं नाव तुमच्या परवानगीशिवाय समोर जात नाही. मूल असलेल्या प्रत्येक व्हिडिओबाबत हे दार कॉपीराइटइतकंच कामाचं आहे, पण पालक तिथे क्वचित पोचतात.

एवढं करूनही कंपनी गप्प बसली, तर भारतीय कायद्याचा धागा ओढा. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत मध्यस्थाने, म्हणजे यूट्यूब-फेसबुकसारख्या कंपनीने, मजकूर रोखायचा असतो. तो २१ दिवस रोखून धरला जातो, आणि तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणावा लागतो. मोठ्या कंपन्यांचा तक्रार निवारण अधिकारी भारतातच असतो आणि त्याचं नाव-ईमेल त्यांच्या साइटवर दिलेलं असतं. त्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. वकील लागत नाही.

प्रश्न (भुसावळहून एक बाबा): आम्ही खालच्या कोपऱ्यात चॅनेलचा लोगो टाकतो. तरी लोक व्हिडिओ कापून टाकतात. वॉटरमार्क नेमका कुठे आणि केवढा असावा?

उत्तर: कोपऱ्यात तो कधीच नसावा. हिशोब बघा. आडवा व्हिडिओ १९२० बाय १०८० पिक्सेलचा. त्याचा उभा रील कापला तर १९२० पैकी साधारण ६०८ पिक्सेल रुंदीच उरते, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. चारही कोपरे आपोआप गेले. उभा व्हिडिओ १०८० बाय १९२० चा असेल आणि चोराने चौकोनी केला, तर वरचे ४२० आणि खालचे ४२० पिक्सेल जातात. म्हणून खूण मधल्या पट्ट्यात हवी.

चेहऱ्यावर नको, बघणारा कंटाळतो. छाती ते कंबर या उंचीवर, अर्धी अंगावरच्या कपड्यावर आणि अर्धी मागच्या भिंतीवर येईल अशी ठेवा. चुन्याच्या कोऱ्या भिंतीवरची अक्षरं पुसायला आताच्या ॲपना काही सेकंद लागतात, पण हलत्या परकराच्या चुण्यांवरची अक्षरं पुसली की तिथे डाग पडल्यासारखं दिसतं. रुंदी साडेतीनशे पिक्सेलच्या आसपास, गडदपणा ३० ते ४० टक्के. दर चार-पाच सेकंदांनी जागा थोडी बदला. एडिटिंग ॲपमध्ये तोच मजकूर तीन-चार तुकड्यांत टाकला की झालं.

याहून टिकाऊ खूण आवाजाची. चॅनेलचं नाव सुरुवातीला किंवा शेवटी म्हटलं तर ते कापलं जातं. मुलाच्या संवादातच, विनोदाच्या ऐन जागी ते गुंफलं तर कापताना विनोदच मरतो. मात्र खुणेत चॅनेलचं नाव ठेवा, मुलाचं पूर्ण नाव आणि गाव नको.

यूट्यूबचं ‘कॉपीराइट मॅच टूल’ मिळालं असेल तर ते वापरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ते यूट्यूबपुरतं आहे आणि पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण व्हिडिओच पकडतं. दहा सेकंदांचा तुकडा, आरशासारखा उलटवलेला किंवा वेग वाढवलेला व्हिडिओ त्यातून निसटू शकतो. उलटवलेला ओळखायचा तर मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा, आकडे उलटे दिसतील. महिन्यातून एकदा व्हिडिओतल्या तीन-चार चौकटींचे फोटो घेऊन गूगल लेन्सवर टाका. शीर्षक आणि मुलाचं गाजलेलं वाक्य देवनागरीत शोधा आणि रोमनमध्येही, कारण चोर बहुधा रोमनमध्ये लिहितो.

प्रश्न (शहाद्याहून एक वडील): आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी झोक्यावर गाणं म्हणत होती. ती बारा वर्षांची आहे. तो व्हिडिओ मी फेसबुकवर टाकला. त्यातली सहा सेकंदं कुणीतरी कापून टेलिग्रामवर टाकली, हळू वेगाने, आणि खाली गलिच्छ मजकूर. ओळखीच्या मुलाने लिंक पाठवली. पोलिसांत गेलो तर पोरीचं नाव होईल, अशी भीती वाटते.

उत्तर: दादा, आधी एक काम करू नका. तो तुकडा फोनमध्ये उतरवू नका, पुरावा म्हणून कुणाला पाठवू नका, ग्रुपवर ‘असं करणाऱ्यांना पकडा’ म्हणून टाकू नका. बालकाचं लैंगिक स्वरूपातलं चित्रण बाळगणं आणि पसरवणं हाच पॉक्सो कायद्यात आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये गुन्हा आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने साठवून ठेवण्याबाबत आणखी कडक भूमिका घेतली. लिंक, चॅनेलचं नाव, वापरकर्त्याचं हँडल आणि तारीख कागदावर लिहा. तेवढं पुरतं. लिंक पाठवणाऱ्या मुलालाही ती पुढे न पाठवण्याचं सांगा आणि त्याला ती कुठून मिळाली ते विचारून ठेवा.

मूळ व्हिडिओ साधाच होता, म्हणून तक्रार होत नाही असं समजू नका. ६७ ब मध्ये बालकाला अश्लील किंवा असभ्य रीतीने दाखवणारा मजकूरही येतो, नुसती नग्नता नव्हे. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा: सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. त्यात महिला आणि बालकांविषयीचा भाग वेगळा आहे. तिथे नाव न देता तक्रार करता येते, आणि मोबाइल क्रमांक देऊनही. नाव न देता केली तर पुढे काय झालं हे तुम्हाला कळणार नाही. तुम्ही वडील आहात, क्रमांक देऊन करा आणि पावती क्रमांक जपा. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी. मुलांसाठी १०९८.

पोलिसांची भीती समजते. पण पॉक्सोमध्ये मुलीला ठाण्यात बसवून ठेवण्याची तरतूद नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतला जातो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याकडून, आणि अधिकारी गणवेशात नसतो. तिची ओळख माध्यमांत देणं कलम २३ ने बंद केलं आहे. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हटलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा, गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. जिल्ह्याच्या सायबर पोलिस ठाण्यात जाताना मूळ व्हिडिओची फाइल, फेसबुक पोस्टची लिंक आणि तो कागद सोबत न्या.

टेलिग्रामवर त्या मेसेजवरच ‘रिपोर्ट’ करून बालशोषणाचं कारण निवडा, नुसतं चॅनेल रिपोर्ट करून थांबू नका. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न, खासगी किंवा चेहरा जोडून बनवलेल्या चित्रांसाठी कंपन्यांना तक्रारीनंतर मोजक्या तासांची मुदत घातली आहे. तक्रारीत तसा उल्लेख करा.

कुणी चेहरा जोडून उघडी चित्रं बनवली असतील, एआयने केलेली असली तरी, तर ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतल्या एनसीएमईसी संस्थेची मोफत सेवा आहे. चित्र तुमच्याच फोनवर राहतं, फक्त त्याचा अंकी ठसा पाठवला जातो. सहभागी कंपन्या तो ठसा जुळला की चित्र काढतात. व्हॉट्सॲपसारख्या कूटबद्ध जागी ती पोचत नाही. तुमच्या आताच्या तुकड्याला मात्र ती लागू पडणार नाही, ती फक्त उघड्या किंवा लैंगिक चित्रांसाठी आहे.

आणि पोरीला ‘झोक्यावर बसायची काय गरज होती’ हे कुणी ऐकवू नका, मोठी आई असो की मावशी.

प्रश्न (अमळनेरहून एक शिक्षक): आमची शाळा स्नेहसंमेलन यूट्यूबवर लाइव्ह दाखवते. यंदा नाचाचे तुकडे भलत्याच चॅनेलवर गेले. पालक आम्हाला विचारतात. व्हिडिओ ‘मेड फॉर किड्स’ केला होता, तरी असं कसं?

उत्तर: सर, ‘मेड फॉर किड्स’चा अर्थ ‘बघणारी मुलं’. आत दिसणाऱ्या मुलांचं संरक्षण त्याने होत नाही. त्याने कमेंट बंद होतात आणि बघणाऱ्याच्या सवयींवरच्या जाहिराती थांबतात, एवढंच. चोरी थांबत नाही.

लाइव्ह संपलं की रेकॉर्डिंग आपोआप चॅनेलवर उरतं, ही खरी फट. गणपती विसर्जनानंतर मांडव तसाच उभा राहावा तसं ते वर्षानुवर्षं उरतं. कार्यक्रम संपल्याच्या रात्रीच ते ‘प्रायव्हेट’ करा. लाइव्ह ‘अनलिस्टेड’ ठेवलं तरी लिंक ज्याच्या हाती ती त्याची. पालकांच्या ग्रुपवरून ती कुठेही जाते. सेटिंगमध्ये ‘एम्बेडिंगला परवानगी’ची (दुसऱ्या साइटवर व्हिडिओ लावू देण्याची) खूण काढा आणि रीमिक्स (त्यातला तुकडा घेऊन नवा व्हिडिओ करू देणं) बंद करा. शीर्षकात ‘इयत्ता पाचवी ब, कु. अमुक’ असं लिहू नका. छायाचित्रकाराला दूरची चौकट ठेवायला सांगा. एकट्या मुलीच्या कमरेपर्यंतच्या जवळच्या चौकटी हेच तुकडे उचलले जातात, आणि शाळेच्या कार्यक्रमात त्यांची गरजही नसते.

संमतीचा कागद जूनमध्येच घ्या, प्रवेशाच्या अर्जात दडवून नव्हे. त्यात कोणते कार्यक्रम, कुठे टाकणार, किती दिवस ठेवणार, आणि नको झालं तर कोणत्या क्रमांकावर कळवायचं हे लिहा. ‘शाळेला सर्व हक्क’ अशा ओळीवर पालकांची सही घेणं टिकणारं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती न दिलेल्या मुलांना नाचातून वगळू नका, कॅमेऱ्यातून वगळा: त्यांचा गट वेगळा ठेवून त्या वेळी लाइव्ह थांबवलं की झालं.

गेलेले तुकडे काढायला शाळेने कॉपीराइटची तक्रार करावी आणि ज्या मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतात त्यांच्या पालकांनी खासगीपणाची. दोन्ही एकाच वेळी.

प्रश्न (चाळीसगावहून): हळदीच्या कार्यक्रमाचं शूटिंग पैसे देऊन करून घेतलं. व्हिडिओवाल्या भाऊंनी घरातल्या पोरांचे नाच स्वतःच्या इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी टाकले. ‘शूटिंग माझं, व्हिडिओ माझा’ म्हणतात.

उत्तर: कॉपीराइट कायद्याचं कलम १७ (ब) उलट सांगतं. मोबदला देऊन, तुमच्या सांगण्यावरून फोटो किंवा फिल्म केली असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा. बुकिंगच्या पावतीच्या मागची बारीक अक्षरं मात्र वाचा. ‘नमुन्यादाखल वापरण्याचा हक्क राखून’ असं तिथे छापलेलं असलं तर तो वेगळा करार ठरू शकतो. पुढच्या वेळी ॲडव्हान्स देताना पावतीवरच पेनाने लिहून घ्या: ‘अठरा वर्षांखालील कुणाचंही चित्रण कुठेही टाकणार नाही.’ आता आधी पावती दाखवून सांगा. नाही ऐकलं तर इन्स्टाग्रामवर कॉपीराइटची तक्रार. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांनी भरायचा खासगीपणाचा फॉर्म तिथे वेगळा आहे.

प्रश्न (नंदुरबारहून एक आजोबा): मुलगा-सून सुरतला. नातवाचे व्हिडिओ आम्ही भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकतो. त्यातूनच एक चोरीला गेला. टाकायचेच नाहीत का? आणि एक जण पाच हजारांत सगळीकडून व्हिडिओ काढून देतो म्हणतो.

उत्तर: आजोबा, पाच हजार देऊ नका. वरच्या सगळ्या तक्रारी फुकट आहेत आणि पैसे घेऊन कंपनीच्या आतून व्हिडिओ काढणारा कुणी नसतो. अशी मंडळी पुढे तुमच्या खात्याचा ओटीपी मागतात.

दोनशे माणसांचा ग्रुप म्हणजे चौकच. नातवासाठी आठ-दहा जणांचा वेगळा ग्रुप करा, त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ सुरू करा. मग मिडिया इतरांच्या गॅलरीत आपोआप उतरत नाही आणि चॅट बाहेर काढता येत नाही. कुणी स्क्रीन रेकॉर्ड केलं तर ते मात्र कुठल्याच सेटिंगने थांबत नाही. स्टेटसला ‘फक्त यांनाच दाखवा’ निवडा. मोठा व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर नातेवाइकांच्या ईमेलपुरता उघडा आणि बघणाऱ्याला डाउनलोड करू देण्याची खूण काढा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये चित्रीकरणाचं ठिकाण नोंदलेलं राहू शकतं, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं ‘लोकेशन’ बंद ठेवा. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोड्यांसोबतचे व्हिडिओ यात्रेतून नव्हे, घरी परतल्यावर टाका.

आणि टाकण्याआधी व्हिडिओ मध्येच थांबवून ती एक चौकट डोळ्याजवळ घेऊन बघा. नातू ओट्यावर उभा आहे, हातात पेढा. मागे मोटरसायकल, एमएच-३९ आणि पुढचे आकडे स्वच्छ. दारावर आडनावाची पाटी. खुंटीला दप्तर, त्यावर शाळेचं नाव. गळ्यात ओळखपत्र, त्यावर वडिलांचा मोबाइल क्रमांक. मोटरसायकल आडोशाला लावा, दप्तर आत ठेवा, ओळखपत्र शर्टात सरकवा, आणि पाटी चौकटीत येणार नाही अशा बाजूने उभे राहून पुन्हा काढा.